मापाचं खरबूज

कुवेतच्या मंगफमधल्या त्या इमारतीत राहायला गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी समोरच्या फ्लॅटमधल्या सीनियर इन्स्पेक्शन इंजिनियरला प्लंबर समजलो.

चूक सर्वस्वी माझी नव्हती. संध्याकाळी कामावरून परत येत होतो, तर जिन्यात एक उंच, सडसडीत गृहस्थ खाकी पँट घालून गुडघ्यांवर बसले होते. हातात छोटी हातोडी. कठड्याच्या एकेका गजावर टक् करून मारायचे आणि गजाला कान लावायचे. असं करणारा माणूस पगारी दुरुस्तीवालाच असणार, दुसरं कोण! मी माझ्या पुणेरी हिंदीत म्हटलं, "भैया, इसका होने के बाद हमारे किचन का नल भी देख लेना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातोडी खिशात घातली आणि मुकाट्यानं मागे आले. नळापाशी वीस मिनिटं होते. डेंटिस्टकडे असतो तसला दांडीचा आरसा काढून नळाच्या पोटाखालून पाहिलं, बॅटरी मारली, गळणारे थेंब घड्याळ लावून मोजले. मी बाहेर सोफ्यावर पेपर वाचत होतो. मग त्यांनी वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात, नळातले सहा दोष क्रमवार लिहिलेले होते. सातवा मुद्दा असा : "तपासणी चालू असताना घरातील जबाबदार व्यक्ती हजर नव्हती."

तरी मला उमज पडली नाही. मी त्यांच्या हातावर अर्ध्या दिनारची नोट ठेवली. ती त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरून दोन्ही बाजूंनी निरखली, "ओके" म्हणाले आणि माझ्याच खिशात परत ठेवली.

"दुरुस्ती माझ्याकडे नसते. मी तपासणीला आहे. सबनीस. समोरचाच फ्लॅट."

दार लागल्यावर माझी बायको वसुधा जी हसत सुटली ती जेवायला बसेपर्यंत. नळ पुढं महिनाभर गळत होता. फरक एवढाच की आता तो का गळतो हे मला सहा कारणांसकट माहीत होतं.

ही शहाण्णव-सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मंगफच्या आमच्या पट्ट्यात तेलाच्या कंपन्यांमधले मराठी इंजिनियर पुष्कळ, पण सबनीस एकच. पंधरा-सोळा वर्षं ते कुवेतमध्ये प्रेशर व्हेसल, पाइपलाइन, टाक्या तपासत होते आणि सुटीच्या दिवशी उरलेलं जग. शंभरपैकी मार्क द्यायचे. गणपतीत एका वहिनींच्या मोदकाला त्यांनी "कळ्या सतरा, अंतर असमान, त्र्याहत्तर" असा निकाल दिला, तेव्हा त्या वहिनी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सबनीसांना ते कळलंही नाही. त्यांच्या मते त्र्याहत्तर हे चांगलेच मार्क होते. आजवर त्यांनी ब्याण्णवच्या वर कुणाला दिले नव्हते, आणि ते ब्याण्णवसुद्धा एका जपानी प्रेशर व्हेसलला.

"सर्टिफिकेट राहू दे, वस्तू दाखवा," हे त्यांचं पालुपद. सेकंडहँड गाडी घेणारा प्रत्येक जण त्यांना बरोबर नेई आणि नेल्याचा पश्चात्ताप करी, कारण गाडीवाला कंटाळून निघून गेला तरी सबनीस गाडीखालीच असत. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ते अंडी उन्हाकडे धरून पाहत. कुणी गमतीनं विचारलं, "काय सबनीससाहेब, पास का?" तर ते गंभीरपणे म्हणत, "दोन होल्डवर ठेवलीत."

ते एकटेच राहत. पत्नी नाशकात शाळेत शिक्षिका, मुलगी मुक्ता तिथंच कॉलेजात. वर्षातून एक महिना ते घरी जात आणि परत येताना दोन किलो चिवडा आणि नाशिकच्या घरातल्या दुरुस्त्यांची यादी घेऊन येत. चिवडा आम्हाला देत. यादी स्वतःकडे ठेवत.

आता मुद्द्याचं. मंगफला आम्ही येऊन दोन वर्षं झाली, आणि वसुधाला तिथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. पुण्यात ती शाळेत शिकवत होती. माझ्या नोकरीसाठी तिनं ते सोडलं, त्यानंतर दोनदा इथं नोकरी हातातोंडाशी येऊन गेली. पहिल्यांदा आमच्या मुलीच्या, सईच्या, आजारपणामुळं. दुसऱ्यांदा माझ्यामुळं, अर्ज नेऊन द्यायला मी विसरलो, तो गाडीच्या कप्प्यात सापडला तेव्हा त्याच्यावर खजुराचा डाग पडला होता. ही तिसरी खेप. सप्टेंबरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार, असं शाळेनं स्वच्छ सांगितलं होतं. हातात दहा दिवस. आणि सई पावणेतीन वर्षांची. इथं ना आजी ना मावशी. बालवाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही.

"या वेळी काही झालं ना," वसुधा म्हणाली, "तर मी सईला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही राहा तुमच्या नळाशेजारी."

तिचा आवाज थट्टेचा होता. डोळे नव्हते.

मी कामाला लागलो. माझी पद्धत साधी. बालवाड्यांची सरकारी तपासणी व्हायची आणि शेरा मिळायचा : मुमताज म्हणजे उत्तम, जय्यद म्हणजे बरी, मकबूल म्हणजे चालेल. मी चार फोन केले आणि सबाह अल-सालेममधली एक मुमताज बालवाडी शोधून काढली. झालं काम. या आनंदात मी सबनीसांना जिन्यातच ही बातमी दिली, इथं माझी दुसरी चूक झाली.

"मुमताज? कोणी दिला शेरा?"

"सरकारी माणसानं."

"किती वाजता?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मुलं असताना की मुलं गेल्यावर? करंदीकर, रिकाम्या बालवाडीची तपासणी म्हणजे बंद पंपाची तपासणी. प्रेशर आल्याशिवाय गळती दिसत नाही. सर्टिफिकेट राहू दे, वस्तू दाखवा."

त्याच रात्री ते छापील फॉर्म घेऊन आले. बेचाळीस मुद्दे, तीन प्रती. फॉर्म मूळचा पंपांचा असावा, कारण 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात त्यांनी भरलं होतं : "मुलगी, एक. वय पावणेतीन. वजन बारा किलो. बाहेरच्या माणसांत राहण्याचा अनुभव, शून्य." मला हसू आलं. वसुधाला आलं नाही. ती तो रकाना दोनदा वाचत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही याच आमच्याबरोबर."

मंगळवारी सकाळी मी आणि सबनीस, दोघांनीही साइटवरून दोन तासांची परवानगी काढली. निघण्याआधी सबनीसांनी गाडी बकाल्यापाशी थांबवायला लावली. सईला काउंटरवर बसवलं आणि खिशातून टेप काढून तिच्या डोक्याचा घेर मोजला. मग खरबुजांच्या ढिगाकडे वळले आणि एकेका खरबुजाला टेप लावायला लागले. मलबारी दुकानदार आधी डोक्याकडे, मग खरबुजाकडे, मग माझ्याकडे बघू लागला. नववं खरबूज बरोबर मापाचं निघालं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गेज. फाटकाच्या गजांतून, जिन्याच्या कठड्यातून डोकं जातं का ते बघायला नको? आता तिचं डोकं घालून बघायचं का?"

मी खरबुजाचे पैसे दिले. सई मात्र खूश झाली. तिनं खरबूज मांडीवर घेतलं आणि सबनीसांचं नाव ठेवून टाकलं, खरबूजकाका. पुढं हे नाव साऱ्या मंगफमध्ये पसरलं, त्यात माझाही थोडा हात आहे.

सबाह अल-सालेममधली बालवाडी म्हणजे गुलाबी रंगाचा व्हिला. दारातच सोनेरी चौकटीत मुमताज. आत एसी असा की मी शर्टाची वरची बटणं लावून घेतली. संचालिका मॅडम हसतमुख, इंग्रजी कडक इस्त्रीचं. सबनीसांनी नमस्कार केला आणि थेट घसरगुंडीखाली गेले. व्हर्नियरनं बोल्ट मोजले. मग वर चढून स्वतः घसरून आले, कारण 'लोड टेस्ट' लागते. मॅडमनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, हे मुलीचे आजोबा का? मी घाईत म्हणालो, "नाही, इन्स्पेक्टर."

मॅडमच्या चेहऱ्याचा रंग झरकन बदलला. दोन मिनिटांत आंब्याचा रस आला. तोही ट्रेमध्ये, वर रुमाल घालून.

"तपासणीच्या वेळी मी काही घेत नाही," सबनीस म्हणाले. मला तत्त्व वगैरे नसल्यामुळं मी दोन्ही ग्लास घेतले.

फाटकाच्या गजांतून खरबूज गेलं नाही. कठड्यातूनही नाही. बाथरूम कोरडं, औषधांची पेटी भरलेली, आग विझवायचा सिलिंडर मुदतीतला. अठरा मुलं गालिच्यावर ओळीनं बसली होती आणि इतकी शांत होती, की मला आमच्या मासिक मीटिंगची आठवण झाली. भिंतीवरच्या फळीत खेळणी रांगेत मांडलेली. सबनीसांनी एक लाकडी आगगाडी उचलली, चाकं उलटी करून पाहिली, पुन्हा नेमकी त्याच जागी ठेवली आणि काहीतरी टिपून घेतलं. सई वसुधाच्या ओढणीचा शेव धरून उभी होती. तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरी बालवाडी मरियमभाभींची. ती बघायला जाण्याचं कारण एवढंच, की ती आमच्या मागच्या गल्लीत होती आणि वसुधा हट्टाला पेटली होती. मरियमभाभी रत्नागिरीकडच्या. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन खोल्या आणि पुढं छोटं अंगण. त्यांचा मकबूल शेरा फ्यूजच्या पेटीशेजारी चिकटपट्टीनं लावलेला होता, आणि खालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी क्रेयॉननं उंट काढला होता. उंटाला पाच पाय होते.

आत बारा मुलं आणि बावीस मुलांचा आवाज. दारात येईपर्यंत मरियमभाभींच्या कडेवर एक हुंदके देणारा मुलगा होता. त्याला तसाच घेऊन त्या बोलायला लागल्या. सबनीसांनी खरबूज बाहेर काढलं.

"ओ इंजिनेरसायब," त्या म्हणाल्या, "शालंत खरबूज घालायचाय का पोर?"

सबनीस सरळ फाटकापाशी गेले आणि खालच्या दोन गजांमध्ये खरबूज धरलं. ते अडकलं नाही. सुळकन पलीकडे गेलं आणि उतारावरून गल्लीत गडगडत निघालं. बाराच्या बारा मुलं "पळालं! पळालं!" करत फाटकाला चिकटली. त्या आरड्याओरड्यात कडेवरचा मुलगा रडायचा थांबला. मी खरबुजामागे धावलो. खाली वाकून ते पकडताना माझी पँट मागून उसवली, याची नोंद फॉर्ममध्ये नाही.

"होल्ड पॉइंट," सबनीस म्हणाले. "गजांमधलं अंतर जास्त आहे. जाळी बसेपर्यंत या बालवाडीला माझी सही नाही."

"सही कोन मागतंय?" मरियमभाभी म्हणाल्या. पण त्या फाटकाकडे बघत होत्या. "ह्यो फाटक बदलला तवापासून माजा पन लक्ष असतां. संध्याकाली जाली बसवते. ह्यांना सांगते." मग त्यांनी माझ्या हातातलं खरबूज घेतलं, आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा ते चौदा फोडींच्या रूपात ताटात होतं.

सबनीसांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "माझं गेज कापलंत तुम्ही!"

"मग काय, पोरं बगतायत आन मी कपाटात ठेवू?"

या गडबडीत सई कुठं गेली म्हणून मी पाहिलं. ती त्या बारा जणांत मांडी घालून बसली होती, हनुवटीवरून रस ओघळत होता, आणि शेजारच्या मुलीला ती तिची फोड आपल्या फोडीपेक्षा मोठी का आहे ते विचारत होती.

रात्री रिपोर्ट आला. टाइप केलेला, टाचणी लावलेला. मुमताज बालवाडी एकोणनव्वद. मरियमभाभी अठ्ठावन्न.

"एकोणनव्वद!" मी म्हणालो. "जपानी व्हेसलपेक्षा तीनच कमी! आता विचार कसला करायचा?"

"शेवटचं पान वाचलंत?" वसुधानं विचारलं.

शेवटचं पान मी वाचलं नव्हतं. माझी कुवत पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्यापर्यंत. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मुमताज बालवाडीखाली लिहिलं होतं : "खेळण्यांवर वापराची खूण नाही. चाकं कोरी. एक तर नवीन, नाहीतर मुलांच्या हातात दिली जात नाहीत. बिल मागून पाहिले : तीन वर्षं जुनी." आणि मरियमभाभींच्या खाली : "भिंतींवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत हातांचे ठसे, सर्वत्र. रंग द्यावा. एक मूल रडत होते. बाईंनी त्याला एकूण सोळा मिनिटे कडेवर ठेवले. आमच्याशी वाद घालतानाही खाली ठेवले नाही."

आम्ही दोघं समोरच्या फ्लॅटवर गेलो. सबनीस गॅसवर खिचडी हलवत होते. वसुधानं सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही कुठं घातलं असतं?"

"ते फॉर्ममध्ये नाही, वहिनी."

"मी फॉर्मला विचारत नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. "मार्क मी देतो," ते म्हणाले. "सही पालकांनी करायची."

सही वसुधानं केली. मी साक्षीदार म्हणून केली, आणि तीही चुकीच्या रकान्यात. बुधवारी सबनीस नवं खरबूज घेऊन फाटकापाशी गेले. बारीक जाळी बसलेली होती. खरबूज अडकलं. त्यांनी "वापरास योग्य" असा शेरा मारला, आणि या वेळी खरबूज स्वतःहून मरियमभाभींच्या हातात दिलं.

शनिवारी पहाटे वसुधा नवी साडी नेसून शाळेच्या बसची वाट बघत उभी राहिली. बस सुटताना ती हात हलवायचं विसरली, इतकी तिची मान आमच्या खिडकीकडे वळलेली. सात वाजता मी सईला मरियमभाभींकडे नेलं. तिला वाटलं खरबूज खायला चाललोय. मी निघालो हे कळल्यावर तिनं जो टाहो फोडला तो ऐकून मी शूर बापासारखा गाडीत बसलो आणि पळालो. साइटवर पोचेपर्यंत स्टिअरिंग चिकट झालं होतं. एसी चालू होता.

दहाला फोन केला. मरियमभाभी म्हणाल्या, "रडली. आता खातेय. मधीच आठवला की परत रडते. होईल बरोबर." मग आवाज खाली आणून, "तुमचा इंजिनेर भायेर बसलाय."

"कोण? सबनीस?"

"सकालधरनं. घडीची खुर्ची घेऊन. खिडकीखाली."

मला वाटलं, राहिला असेल एखादा मुद्दा. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी मरियमभाभींचा सूर बदलला. "भाऊ, तुमचा माझ्यावर विश्वास नाय तर पोर घेऊन जावा. बाकीच्या आया इचारतात, पोलीस बसवलाय काय? मी काय चोर हाव?"

आता माझी तंतरली. मरियमभाभींनी खरंच नाव काढून टाकलं असतं तर वसुधाची तीन दिवसांची नोकरी तिथंच संपली असती. त्या तीन दिवसांत ती घरात चालायची ती वेगळीच चालायची. जेवताना मुलांची नावं सांगायची, कोण पाढे चोरतो, कोण भूमितीत हुशार. हे सगळं एका माणसाच्या तपासणीच्या वेडापायी जाणार? मंगळवारी मी साडेनऊलाच कामावरून सुटका करून घेतली आणि भांडायच्या तयारीनं त्या गल्लीत गेलो.

सबनीस खिडकीखालच्या सावलीच्या पट्ट्यात बसले होते. सावली सरकली की उठून खुर्ची सरकवायची, असं चाललेलं. खुर्ची अशी बेतानं ठेवलेली की आतला आवाज ऐकू यावा, पण आतून ते दिसू नयेत. मांडीवर वही. पायाशी बशीनं झाकलेला चहा आणि दोन सांदणं. म्हणजे मरियमभाभी एकीकडे मला फोनवर झापत होत्या आणि दुसरीकडे यांना नाश्ता पाठवत होत्या.

"सबनीससाहेब, हे बरं नाही," मी सुरू केलं. "तुम्ही सही दिलीत, आम्ही पोर घातली. आता तपासणी संपली. त्या बाईंना अपमान वाटतो. आणि ऑफिसचं काय?"

"रजा घेतली आहे. शटडाउनमध्ये जादा काम केलेल्या दिवसांची भरपाई होती, पंधरा दिवस."

"पंधरा दिवस? इथं बसायला?"

त्यांनी वही माझ्यापुढं धरली. तारखेसमोर वेळ. शनिवार, सात दहा ते सात बावन्न. मग पुन्हा नऊला चार मिनिटं. रविवार, पंचवीस मिनिटं. सोमवार, नऊ. आजच्या तारखेपुढं एक छोटी आडवी रेघ.

"आज रडलीच नाही," ते म्हणाले. "तुम्ही फाटकाशी सोडून पळालात, आणि ती धावत आत गेली. मला वाटलं, घड्याळ बंद पडलं."

मी मुद्द्यावर यायला बघत होतो, पण ते खिडकीकडे कान देऊन होते. आत कुणीतरी डबा वाजवत होतं.

"मुक्ता अकरा दिवस रडली होती," ते म्हणाले. "बालवाडीत. मी इथं होतो. तिच्या आईनं माहितीपत्रक पाठवलं होतं, रंगीत, छान होतं. मी इथूनच 'ओके' कळवलं. मग जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि हिनं पत्र लिहिलं, रोज रडते, कडेवरून उतरत नाही. ते पत्र यायला तीन आठवडे लागले."

"मग?"

"मग काय? मला पत्र मिळालं तेव्हा तिचं रडणं थांबून पंधरा दिवस झाले होते. दुसऱ्या पत्रात तसं लिहिलं होतं. दोन्ही पत्रं एकदमच आली." त्यांनी चष्मा काढून पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. "नोंद करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं, करंदीकर. तिची ती बालवाडी मी आजतागायत पाहिलेली नाही. आता तिथं पतपेढी आहे."

मी आणलेलं भांडण कुठं ठेवावं ते मला कळेना. शेवटी खाली बसलो, फुटपाथवर. त्यांनी दोनातलं एक सांदण माझ्यापुढं केलं. मी विचारलं, किती मार्क? ते म्हणाले, "मोजलं नाही."

जाताना मी आत डोकावून मरियमभाभींना एवढंच सांगितलं, की ते तुमच्यावर नजर ठेवायला बसलेले नाहीत. त्या म्हणाल्या, "माहीत हाय. काल चहा देताना मीच इचारला त्यांना. तुमाला सांगायचा राहिला." आणि रडणाऱ्या कुठल्यातरी पोराला उचलून त्या आत गेल्या.

संध्याकाळी वसुधा डायनिंग टेबलावर वह्या तपासत बसली होती. सई टेबलाखाली बाहुलीला बालवाडीत घालत होती आणि "रडायचं नाही हं" असं दटावत होती. मी वसुधाला सगळं सांगितलं. वही, मुक्ता, दोन पत्रं, पतपेढी. तिचं लाल पेन एका गणितावर तसंच थांबलं.

मला नेहमीप्रमाणं पुढचं व्यवस्थित लावायची घाई. म्हटलं, "आता सईचं रडणं थांबलंच आहे. उद्या सकाळी मी त्यांना नीट समजावून सांगतो, काम झालं, उगाच उन्हात बसून रजा वाया घालवू नका, ऑफिसला जा. बरोबर ना?"

वसुधा उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनच म्हणाली,

"अहो, काही सांगू नका. अकरा दिवस होऊ देत त्यांचे."